बारावी विज्ञाननंतर एका वर्षात ‘डीएमएलटी’: प्रवेश घ्यावा काय?

प्रश्न (अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीने यंदा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन बारावी पूर्ण केली असून तिला वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा आहे. जवळच्या एका संस्थेने एका वर्षात ‘डीएमएलटी’ (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून देण्याचे कबूल केले आहे. वर्गाला रोज यावे लागणार नाही, परीक्षा परराज्यातील एका मंडळाची राहील आणि प्रमाणपत्र हाती येताच सरकारी नोकरी व स्वतःची लॅब या दोन्ही वाटा मोकळ्या होतील, असे तेथील व्यवस्थापक सांगतात. उन्हाळी धानाचे चुकारे जमा झाले की पहिला हप्ता भरावा, असा वडिलांचा विचार आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (ग्रामीण रुग्णालयातील प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जिल्हा गडचिरोली)

भाऊ, हप्ता भरण्यापूर्वी संस्थेकडून एका गोष्टीचे लेखी उत्तर घ्या: ही पदविका नेमकी कोणत्या विद्यापीठाची अथवा मंडळाची आहे आणि तिच्या आधारे महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणी होते काय? तोंडी आश्वासनावर विसंबू नका, कारण उद्या मुलाखतीत कागदपत्रे तपासणारा अधिकारी व्यवस्थापकांचे बोलणे ऐकायला बसलेला नसतो. ही परिषद २०११ च्या राज्य कायद्यातून आलेली आहे. त्यावर केंद्राने २०२१ मध्ये संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्यातील व्याख्येनुसार संबद्ध आरोग्य व्यावसायिकाचे (यात प्रयोगशाळा तंत्रज्ञही येतो) शिक्षण किमान २,००० तासांचे व दोन ते चार वर्षांत विभागलेले असले पाहिजे. एका वर्षाचा, तोही घरी बसून करावयाचा अभ्यासक्रम या मापात बसत नाही. या कायद्याखालील विषय मुक्त व दूरस्थ पद्धतीने शिकवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना कळविले आहे.

हजेरीचा प्रश्न केवळ नियमापुरता नाही. आमच्या जिल्ह्यात पावसाळा लागला की मलेरियाच्या स्लाइडचा ढीग पडतो. रक्ताच्या जाड लेपात मलेरियाचा परजीवी आहे की नाही ते कळते, तर तो फाल्सिपेरम जातीचा आहे की व्हायवॅक्स हे पातळ लेपात नीट ओळखता येते. ही नजर शेकडो स्लाइड पाहिल्यावर, आणि बाजूला बसलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञाने दहा वेळा चूक दाखविल्यावर तयार होते. मी पहिल्या महिन्यात रंगाच्या कणांनाही परजीवी समजत होतो.

बहिणीचे गुण बरे असतील तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या ‘बीपीएमटी’चा विचार अवश्य करावा. तीन वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता असा तो पदवी अभ्यासक्रम असून त्यात प्रयोगशाळेची शाखा आहे. चार वर्षे लांब वाटतात हे मान्य, पण पुढे पदवीची अट असलेल्या जागेसाठी पुन्हा शिकायला बसावे लागत नाही.

उत्तर २ (खासगी लॅबचालक, जिल्हा यवतमाळ)

वरील सल्ला योग्य आहे. तरीही ‘स्वतःची लॅब’ या शब्दांबाबत माझा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. मी रीतसर दोन वर्षांची पदविका घेऊन तालुक्याला लॅब काढली आणि अनेक वर्षे अहवालावर स्वतःच सही केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असावी. माझ्या गावापासून असे डॉक्टर ७० किलोमीटरवर आहेत. आता मी त्यांच्या लॅबसाठी नमुने गोळा करतो. काम तेच, श्रम तेवढेच, उत्पन्न मात्र निम्म्याच्या आसपास. खेड्यात तज्ज्ञ यायला तयार नाहीत आणि आम्हाला सही करता येत नाही, मग तातडीची तपासणी लागणाऱ्या रुग्णाने काय करावे, हा प्रश्न मला आजही पडतो. बहिणीने शिकावे, पण लॅब थाटण्याच्या हिशेबावर कर्ज काढू नये.

उत्तर ३ (पॅथॉलॉजिस्ट, नागपूर)

लॅबचालक बंधूंची अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. तथापि सही ही औपचारिकता नव्हे, हे विदर्भातल्याच उदाहरणाने सांगतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी वाहकातही (ज्याच्यात सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले असते) पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणाऱ्या चाचण्या केल्यावरच कळतो. उलट, सहा महिन्यांखालील बाळात किंवा रक्त फार कमी असलेल्या रुग्णात हीच चाचणी चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. नुसता ‘सिकल पॉझिटिव्ह’ असा कागद हाती पडल्याने ठरलेले लग्न मोडलेली मुलगी माझ्याकडे आली होती. ती केवळ वाहक होती. चाचणी करणाऱ्याचा हात चुकला नव्हता, पुढची चाचणी आवश्यक असल्याची ओळ अहवालात नव्हती, एवढेच. चांगला तंत्रज्ञ ती ओळ लिहिण्याची आठवण मला करून देतो, आणि तसे तंत्रज्ञ मला फार थोडे मिळतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आज संस्थेत जाऊन नोंदणीबाबत लेखी उत्तर मागितले, तेव्हा ‘आधी प्रवेश निश्चित करा, मग पाहू’ असे सांगण्यात आले. त्यामुळे हप्ता भरला नाही. बहीण पदवीसाठी अर्ज करणार आहे. तेथे क्रमांक न लागल्यास मान्यताप्राप्त दोन वर्षांची पदविका करील. पदविकेवर सरकारी यंत्रणेत काही मिळते काय?

उत्तर १ (पुन्हा)

मिळते, पण बहुतेक कंत्राटी. क्षयरोग कार्यक्रमात प्रयोगशाळा तंत्रज्ञासाठी बारावी व पदविका चालते. त्यावरच्या वरिष्ठ क्षयरोग प्रयोगशाळा पर्यवेक्षकासाठी, ज्याला आम्ही ‘एसटीएलएस’ म्हणतो, पदवी व पदविका दोन्ही लागतात आणि दुचाकीचा पक्का परवानाही मागतात, कारण त्या माणसाला केंद्रोकेंद्री फिरून इतरांच्या स्लाइड तपासाव्या लागतात. बहिणीला गाडी येत नसेल तर या सुट्ट्यांतच शिकवून ठेवा.