स्वस्ताई येते कुठून? मोठ्या डिस्काउंट दुकानांवर ग्रुपमधली चर्चा

ए-५०१ (दादा): मंडळी, सरळ विचारतो. मोठ्या डिस्काउंट साखळी दुकानांतून खरेदी करणं चूक आहे का? आणि घरातल्या मुलाने-मुलीने तिथे नोकरी धरली तर आपण काय बघावं? ज्यांना या धंद्याची आतली माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा. "सगळीकडे असंच चालतं" एवढ्यावर भागवू नका, प्लीज.

बी-२०४ (काका): स्वस्त विकणं म्हणजे पाप नव्हे. स्वस्ताई येते कुठून ते आधी बघायचं.
जर्मनीच्या आल्डीचं उदाहरण घ्या. मोठ्या सुपरमार्केटात तीस हजारांच्या आसपास वस्तू असतात, आल्डीत दीड-दोन हजार. एका प्रकारचा बहुधा एकच ब्रँड, तोही जास्त करून स्वतःचा. माल ज्या खोक्यातून येतो त्या खोक्यासकटच रॅकवर चढतो, एकेक डबा मांडत बसायला माणूस लागत नाही. पाकिटावर बारकोड मोठा आणि दोन-तीन बाजूंना छापलेला, म्हणजे कॅशियरला पाकीट उलटंपालटं करावं लागत नाही. ट्रॉली घ्यायला नाणं अडकवायचं आणि जागेवर लावली की नाणं परत, त्यामुळे ट्रॉल्या गोळा करायचा पगार वाचतो. अमेरिकेची कॉस्टको ही साखळी सुमारे चार हजारच वस्तू ठेवते, मालावर मार्जिन कमी घेते आणि नफ्याचा मोठा वाटा सभासदांच्या वर्गणीतून काढते. या बचतीत कुणाच्या ताटातलं काही काढून घेतलेलं नाही. अशी स्वस्ताई मला मान्य आहे.
दुसरी स्वस्ताई कामगाराच्या तासांतून आणि सप्लायरच्या पैशातून येते. तिच्याबद्दल १०३च्या ताईंनी लिहावं, दुकान चालवण्याची बाजू त्यांना जास्त माहीत आहे.

सी-१०३ (ताई): लिहिते काका. पण आल्डीसारख्या मॉडेललाही दुसरी बाजू आहे. माणसं कमी म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर काम जास्त. कॅशियरच सफाई करतो, तोच गाडी उतरवतो. हे मान्य करून पगार चढा दिला तर ठीक. तो दिला नाही की तीच पद्धत पिळवणूक होते. आणि स्वस्त दुकान म्हणजे आतून साधं-सरळ असेलच असंही नाही. २००८ मध्ये जर्मनीत लिडल या डिस्काउंट साखळीने कर्मचाऱ्यांवर छुपे कॅमेरे आणि गुप्तहेर लावल्याचं उघड झालं, पुढे दंडही झाला.

आता तासांचं गणित. साखळी दुकानाच्या मॅनेजरला आठवड्यासाठी माणसं मिळत नाहीत, तास मिळतात. मुख्यालय विक्रीचा अंदाज काढतं आणि त्याच्या ठरावीक टक्क्यांएवढाच पगारखर्च मंजूर करतं. बुधवारपर्यंत विक्री अंदाजाखाली गेली की गुरुवार-शुक्रवारचे तास कापले जातात. पण मालाची गाडी विक्री बघून येत नाही, ती ठरल्या दिवशी येतेच. त्या वेळी दुकानात दोन माणसं, एक काउंटरवर, दुसरा बाकी सगळ्याला. गाडीतून जाळीच्या उंच ट्रॉल्या उतरतात. मागची खोली आदल्या गाडीच्या मालाने भरलेली असते. मग पहिली ट्रॉली मधल्या वाटेत राहते, दुसरी विजेच्या पॅनेलसमोर, तिसरीच्या मागे आग विझवायचा सिलिंडर जातो आणि चौथी आपत्कालीन दाराला टेकते. दार अडवायचं असं कुणीच ठरवलेलं नसतं. ते अडलं तास कापले त्या दिवशीच, ट्रॉली नंतर आली.

अमेरिकेत डॉलर जनरल या स्वस्त साखळीच्या कितीतरी दुकानांत कामगार सुरक्षेच्या सरकारी तपासनिसांना नेमकं हेच सापडत राहिलं. अडलेली दारं, अडलेली पॅनेलं, न दिसणारे सिलिंडर. जुलै २०२४ मध्ये सरकारशी १.२ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यात मला दंडापेक्षा अटी महत्त्वाच्या वाटतात: असा धोका ४८ तासांत दूर करायचा, नाही तर रोज लाख डॉलरचा भुर्दंड, आणि दुकानातला साठाच कमी करायचा. म्हणजे सरकारलाही पटलं की "नीट ठेवा" असा फलक लावून हे सुटणार नाही, माल आणि माणसं यांचा मेळच बदलायला हवा.

म्हणून कुठल्याही दुकानात गेलात की मागच्या दाराकडे एक नजर टाका. फार तर दहा सेकंद लागतात. वाट मोकळी असेल तर त्या दुकानाला तास पुरत आहेत असं बऱ्याच अंशी समजायला हरकत नाही.

ए-५०१ (दादा): हे कधी लक्षातच आलं नव्हतं. दार अडलेलं दिसलं तर करायचं काय?

सी-१०३ (ताई): काउंटरवरच्या मुलाला बोलू नका. त्याच्या हातात काही नसतं, उलट त्यालाच ट्रॉली ओढावी लागते आणि मागे रांग वाढते. फोटो काढा आणि दुकानाचा पत्ता, तारीख, वेळ लिहून मुख्यालयाच्या तक्रार ईमेलवर पाठवा. आठवड्याने तसंच दिसलं तर अग्निशमन विभागाला. लेखी तक्रारीला नंबर पडतो, तोंडी तक्रारीला पडत नाही.

बी-६०३ (काकू): सगळं खरं. पण ज्याच्या हातात महिन्याला मोजकेच पैसे येतात त्याने कुठे जायचं? स्वस्त दुकानात गेलीस म्हणून एखाद्या बाईला नैतिकता शिकवायची हे मला बिलकुल पटत नाही. ज्याला दोन दुकानांतून निवडता येतं त्याने विचार करावा. जिला निवडताच येत नाही तिच्यावर ओझं टाकू नका.

बी-२०४ (काका): काकू, शंभर टक्के. उलट फसवणूक होते ती त्याच बाईची. अशी काही दुकानं पाकीट लहान करून आकडा खाली आणतात. वर मोठ्या अक्षरात किंमत कमी दिसते, पण किलोमागे दर मोठ्या पाकिटापेक्षा चढा पडतो. एकदम जास्त पैसे काढता येत नाहीत त्यालाच वस्तू महाग पडते. त्यावर उपाय एककाचा दर. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार, की किलोचा दर आला. युरोपीय संघात १९९८च्या निर्देशापासून हा दर किमतीच्या पाटीवर लिहावा लागतो. जिथे तो बारीक अक्षरात असतो तिथे मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढायचा.
आणखी एक. पाकीट ४५० ग्रॅमवरून ४०० ग्रॅमवर आलं आणि किंमत तीच राहिली, तर दर साडेबारा टक्के वाढला. बरेच जण घटलेले ग्रॅम बघून अकरा टक्के म्हणतात, ते चूक. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना असा माल दोन महिने पाटी लावून दाखवावा लागतो.

ए-३०२ (वहिनी): नोकरीबद्दल मी लिहिते. कामगार कायद्याचाच भाग आहे तो.
आधी एक स्पष्ट करते. "अशा कंपनीत काम करणं म्हणजे तिच्या पापात वाटेकरी होणं" हे काउंटरवरच्या मुलाला लागू होत नाही. कामगाराने नोकरी नाकारली तर कंपनी सुधारत नाही, घरचा पगार तेवढा जातो. जबाबदारी सुरू होते ती दुसऱ्याच्या वेळेवर आणि पगारावर ज्याचा हात असतो तिथून. शिफ्ट मॅनेजर झाल्यावर कुणाचं पंचिंग (येण्या-जाण्याच्या वेळेची नोंद) मागे-पुढे केलं, विश्रांती न देता सिस्टिममध्ये "अर्धा तास ब्रेक" टाकला, तर "वरून सांगितलं होतं" हे कारण मी मानत नाही. वॉलमार्टवर पेनसिल्व्हेनियात असाच सामूहिक खटला झाला, न मिळालेले ब्रेक आणि पंच केल्यानंतर करून घेतलेलं काम याबद्दल. २०१४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला.

मुलाखतीत हे विचारून घ्यायचं:
रोस्टर (शिफ्टचं वेळापत्रक) किती दिवस आधी लागतं? अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मोठ्या साखळ्यांना १४ दिवस आधी द्यावं लागतं.
दोन शिफ्टमध्ये किती तास सुटतात? रात्री दुकान बंद करणाऱ्यालाच सकाळी उघडायला लावतात, झोप पाच तासांवर येते. ओरेगनमध्ये दहा तास सोडावे लागतात, नाही तर त्या वेळेचे पैसे दीडपट.
आठवड्याला किमान किती तास पक्के? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. तासाचा दर चांगला सांगतात आणि देतात चौदा-पंधरा तास. अमेरिकेत आठवड्याला ३० तास किंवा जास्त झाले की मोठ्या कंपनीला आरोग्य विमा देऊ करावा लागतो, नाही तर दंड, त्यामुळे २८-२९ तासांवर थांबवण्याचा मोह असतो.
उत्तर "बघू, दुकानावर अवलंबून" असं आलं तर लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर तास पक्के नाहीत असंच धरा.

ए-३०२ (वहिनी): राहिलं एक. पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवायची. आलो किती वाजता, पंच किती वाजता, ब्रेक कधी, पंच-आउटनंतर शटर ओढायला, बॅग तपासणीला किती मिनिटं गेली. रोजची दहा मिनिटं म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात ५० मिनिटं आणि वर्षाला चाळीस तासांच्या वर, म्हणजे आख्खा एक आठवडा फुकट. पगारपत्रक आलं की त्याच दिवशी वहीशी जुळवायचं. तीन महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही.

ए-५०१ (दादा): पण वहिनी, पक्के तास दिले तर दुकानाला परवडतं का?

सी-१०३ (ताई): परवडतं. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या दुकानांत संशोधकांनी हा प्रयोग केला, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. शिफ्टच्या वेळा स्थिर केल्या त्या दुकानांत विक्री साधारण सात टक्क्यांनी वाढली. कारण साधं आहे, रोज तीच माणसं असली की कुठला माल कुठे आहे ते त्यांना ठाऊक असतं. मागच्या खोलीत पडून राहिलेला माल रॅकवर येतो.
आणि खुर्ची! कॅशियरला आठ तास उभं ठेवण्यात कामाचा काहीच फायदा नाही. वॉलमार्टने २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कॅशियरना बसायला न दिल्याच्या दाव्यात साडेसहा कोटी डॉलरची तडजोड केली. आल्डीचे कॅशियर बसूनच काम करतात आणि झपाझप करतात.

ए-३०२ (वहिनी): शिवाय पगार कमी पडला की उरलेलं कोण भरतं तेही बघा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये काही राज्यांची आकडेवारी तपासली. सरकारी अन्नसाहाय्य घेणारे नोकरदार ज्यांच्याकडे कामाला होते अशा सर्वांत मोठ्या मालकांत वॉलमार्ट होतं. काउंटरवर जे वाचलं त्यातलं काही करातून गेलंच.

बी-२०४ (काका): सप्लायरची बाजू राहिली. तिथलं दुखणं बाहेरून दिसतच नाही.
करारात एक भाव ठरतो. मग त्यातून वजावट सुरू होते: रॅकवर जागा मिळवायची फी, जाहिरातीतला वाटा, खराब मालाची डेबिट नोट (बिलातून कापलेली रक्कम), उशिराचा दंड. वॉलमार्टचा नियम होता की ऑर्डर वेळेत आणि पूर्ण पोचली नाही तर मालाच्या किमतीच्या तीन टक्के कापायचे. मोठ्या कारखान्याला ते झेपतं. लहान कारखान्याचं आख्खं मार्जिनच तेवढं असतं. वर पेमेंट ६० किंवा ९० दिवसांनी. दुकान माल दहा दिवसांत विकून पैसे गल्ल्यात टाकतं आणि उरलेले दिवस सप्लायरचे पैसे बिनव्याजी वापरतं. सप्लायर बँकेतून व्याजाने काढतो आणि शेवटी कामगारांचा पगार लांबवतो.
यावर कायद्याने फरक पडतो हे नक्की. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशाप्रमाणे नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात आणि अशा मालाची ऑर्डर ऐनवेळी रद्द करता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून यासाठी स्वतंत्र नियामक आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याच नियामकाने टेस्को या सुपरमार्केट साखळीने सप्लायरचे पैसे जाणूनबुजून अडवले असं जाहीर केलं. मात्र दंड करायचे अधिकार त्या व्यवहारांनंतर मिळाले होते, म्हणून दंड झाला नाही. नियामक नेमला की त्याच दिवशी दंडाचा अधिकार द्यायला हवा, हे माझं ठाम मत.

बी-६०३ (काकू): आणि कपडे? ते तर इतके स्वस्त की शिवणारीला काय मिळत असेल याचा विचार करूनच पोटात कालवतं.

सी-१०३ (ताई): काकू, राणा प्लाझा. बांगलादेशात ढाक्याजवळ, २४ एप्रिल २०१३, आठ मजली इमारत. आदल्या दिवशी भेगा दिसल्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, पण वरच्या शिलाई कारखान्यांतल्या बायका-माणसांना कामावर बोलावलं. इमारत कोसळली आणि १,१३४ जीव गेले.
का बोलावलं, तर ऑर्डरची तारीख. खरेदीदार डिझाइन उशिरा बदलतो, तारीख मात्र तीच ठेवतो, भाव तर आधीच पाडलेला. आठवड्याचं काम तीन दिवसांत आलं की एक तर रात्रपाळी किंवा आणखी लहान कारखान्याला गुपचूप दिलेलं काम. नंतर मे २०१३ मध्ये अनेक कंपन्यांनी कामगार संघटनांसोबत कारखान्यांच्या इमारती सुरक्षित ठेवण्याचा, कायद्याने बांधील असा 'अकॉर्ड' नावाचा करार केला. वॉलमार्ट आणि गॅप त्यात गेल्या नाहीत, त्यांनी वेगळी आघाडी केली. ब्रँडबद्दल विचारायचं असेल तर हेच विचारा: करार बांधील आहे का, आणि कारखान्यांची यादी जाहीर आहे का?
पण "उद्यापासून तिथलं काहीच घेणार नाही" असं करू नका. ऑर्डर तुटली की पहिली नोकरी त्या शिवणाऱ्या बाईची जाते. कंपनीने तिथेच राहून इमारत दुरुस्त करावी, त्यासाठी दबाव टाकायचा.

ए-५०१ (दादा): आणि रोजच्या खरेदीत आपल्या हातात काय?

सी-१०३ (ताई): दुकान बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी भरलेली ट्रॉली घेऊन काउंटरवर जाऊ नका. त्यानंतर गल्ला मोजणी, सफाई, शटर असतं आणि ती मिनिटं बऱ्याचदा पंच-आउटनंतरची असतात.
फ्रीजमधली वस्तू नको झाली तर साबणाच्या रॅकवर ठेवून देऊ नका, काउंटरवर हातात द्या. ती किती वेळ बाहेर होती हे कुणालाच कळत नाही, म्हणून सापडली की टाकूनच द्यावी लागते आणि नुकसानीच्या खात्यात चढते. नुकसान वाढलं की पुढच्या आठवड्याचे तास आणखी कापतात.

बी-६०३ (काकू): हे महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकते. ताई, तक्रारीत काय काय लिहायचं ते एकदा वेगळ्या मेसेजमध्ये द्याल का?

सी-१०३ (ताई): हो काकू. दुकानाचा पत्ता, तारीख, वेळ, कुठलं दार किंवा कुठलं पॅनेल, समोर काय ठेवलं होतं, फोटो. कर्मचाऱ्याचं नाव लिहायचं नाही आणि फोटोत त्याचा चेहरा येऊ द्यायचा नाही.