घरी रुग्ण सांभाळणाऱ्या मावशींसाठी माथाडीसारखं मंडळ हवं का?

कारभारीण
पक्षाघात, स्मृतिभ्रंश, मोडलेला खुबा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी येऊन सांभाळणाऱ्यांना आपण मावशी, आया, मामा किंवा, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून म्हणजे ब्युरोकडून आल्या म्हणून, नुसतं ‘ब्युरोची बाई’ म्हणतो. महाराष्ट्रात त्यांच्या वाट्याला येतो तो 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम. त्यात नोंदणी आहे, प्रसूती आणि अंत्यविधीसाठी मदत आहे, वयाची 55 वर्षं पूर्ण झालेल्यांना 10,000 रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आहे. पण पगार, कामाचे तास, सुट्टी यांबद्दल बंधनकारक काही नाही.

माझं म्हणणं असं की यांच्यासाठी 1969 च्या माथाडी कायद्याचा साचा घ्यावा. हमालाला एक कायमचा मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणूनच तो कायदा आला आणि हमालांची मंडळं झाली. मावशींचंही तेच. पेशंट गेला की त्याच दिवशी ड्युटी संपते आणि पुढची लागेपर्यंत हातात काही नसतं. अशा कामात पीएफ आणि ग्रॅच्युइटी मालकाशी नाही, मंडळाशीच जोडावी लागते. घराने किंवा ब्युरोने पगार अधिक लेव्ही (पगारावर टक्केवारीने आकारलेली जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळाने तो मावशीच्या खात्यात टाकायचा.

सरळरेघ
विरोध. तुमच्या साच्यात मालक म्हणजे व्यापारी, जो लेव्ही मालाच्या भावात घालून वसूल करतो. इथे पैसे देणारा म्हणजे पेन्शनवर जगणारं घर. आधीच औषधं, डायपर, हवेच्या गादीचं भाडं. वर लेव्ही लावलीत तर लोक ब्युरो सोडून तोंडी बोलीवर बाई ठेवतील आणि मावशी आगीतून फुफाट्यात पडेल. शिवाय माथाडीच्या नावाखाली चालणारी खंडणी थांबवायला सरकारला पुन्हा कायद्याला हात घालावा लागला, हे विसरू नका.

दुसरी पाळी
‘परवडत नाही’ म्हणण्याआधी हिशोब मांडा. उदाहरणादाखल, घर महिन्याला 24,000 देतं आणि ब्युरो त्यातले 4,000 कापतो. 24 तासांची ड्युटी, 30 दिवस, म्हणजे 720 तास. मावशीच्या हातात तासाला 28 रुपयेही पडत नाहीत. आठवड्याला 48 तास धरले तर महिन्याचे साधारण 208 होतात; ती त्याच्या साडेतीन पट थांबते. ‘रात्री झोपतेच की’ हे उत्तर चालणार नाही. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर बेडसोर म्हणजे दाबाच्या जखमा होतात. जर्मनीच्या सर्वोच्च श्रम न्यायालयाने जून 2021 मध्ये हेच मान्य केलं: घरात राहून सेवा करणाऱ्या बल्गेरियन बाईच्या करारात आठवड्याचे 30 तास लिहिले होते, तरी हाकेला उभं राहण्याचा वेळही किमान वेतनास पात्र ठरला.

नदीकाठ
तासांइतकाच कामाच्या यादीचा प्रश्न मोठा आहे. ‘पेशंट सांभाळायचा’ एवढ्यावर बोली होते आणि मग स्वयंपाक, भांडी, पाहुण्यांचा चहा सगळं गळ्यात पडतं. उलट बाजूने, रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) भरवणं, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं अशी कामं न शिकवता सोपवली जातात. ट्यूबने भरवताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली हवी आणि नंतरही किमान अर्धा तास तशीच ठेवायची. आडवं करून भरवलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. युरोबॅग नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. बाथरूमला नेताना ती खांद्याला अडकवली की लघवी उलटी फिरून संसर्ग होतो.

आणि 70 किलोचा माणूस एकट्या बाईने काखेत हात घालून वर ओढला की तिची कंबर जाते, पेशंटचा लुळा खांदा निखळतो. कंबरेखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन्ही कडांनी सरकवायचं असतं. दुसरा माणूस घरातला असला तरी चालेल, पण हे करारात लिहिलेलं हवं. मंडळ काढा किंवा काढू नका, कामं आणि तास लिहिलेलं छापील ड्युटीपत्र सक्तीचं करा.

सरळरेघ
ड्युटीपत्राला माझा पाठिंबा. पण ते पाळलं जातंय का हे बघायला निरीक्षक कोणाच्या बेडरूममध्ये शिरणार? त्यापेक्षा दोर ब्युरोच्या गळ्याला बांधा. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 2019 च्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती, ते विधेयक बारगळलं. तेवढा भाग राज्याने उचलावा. घरांना दंडापेक्षा सवलत द्या: अपंग अवलंबितासाठी प्राप्तिकरात 75,000 ची, तीव्र अपंगत्वाला 1,25,000 ची वजावट मिळते, पण जुन्याच करपद्धतीत. नोंदणीकृत मावशीच्या पगाराची पावती दोन्ही पद्धतींत धरा. मग घरंच नोंदणी मागतील.

कारभारीण
पावतीची कल्पना चांगली, पण प्राप्तिकर केंद्राच्या हातात आणि कर भरणारी घरं थोडी. नुसती ब्युरोची नोंदणी केली तर 1981 च्या सुरक्षा रक्षक कायद्याचं झालं तेच होईल. तिथेही रक्षकांसाठी असंच मंडळ आहे, पण कलम 23 खाली एजन्सीच्या रक्षकांना मंडळातून सूट देता येते, अट अशी की एजन्सीच्या सोयी एकंदरीत कमी नसाव्यात. ती अट वर्षानुवर्षं तपासत कोण बसतं? म्हणून सूट नको. लेव्ही मात्र घरावर न टाकता ब्युरोच्या कमिशनमधून घ्या, इथे तुमचं म्हणणं पटलं.

दुसरी पाळी
एक भोक अजून उघडं आहे. केंद्राच्या कामगार कायद्यातल्या औद्योगिक संबंध संहितेच्या ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आहे. म्हणजे घराने थेट ठेवलेल्या मावशीचे दोन महिन्यांचे पैसे बुडाले तर ती औद्योगिक विवाद म्हणून दाद मागू शकत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती तरी दिली, मुदत तीन महिने. थकलेल्या पगारासाठी तसंच जिल्ह्याला एक दार हवं, आणि पुरावा म्हणून ड्युटीपत्र व बँकेतली नोंद पुरेशी मानावी.

सरळरेघ
या दाराला हरकत नाही. पण कमिशनमधून लेव्ही घेतली तर ब्युरो पुढच्याच महिन्यात कमिशन वाढवणार. कमिशनला कमाल टक्केवारी घातल्याशिवाय तो मुद्दा मला मान्य नाही.