मदत हवी आहे: नॅनोसेल्युलोज फिल्ममधील अॅल्युमिनियमचा परिणाम कसा वेगळा काढावा?

आम्ही बडोद्यात लाकडाच्या लगद्यापासून, टेम्पो (TEMPO) नावाच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने केलेल्या ऑक्सिडीकरणाने मिळवलेल्या सेल्युलोज नॅनोतंतूंच्या (अतिसूक्ष्म तंतूंच्या) पारदर्शक फिल्म बनवतो. तंतूंवरील ऋणभारित कार्बोक्झिलेट गटांसोबत सोडियम आयन असल्यामुळे, कोरडी असताना भक्कम आणि ऑक्सिजनला उत्तम अडवणारी ही फिल्म पाण्यात फुगून जेलसारखी होते आणि पावसाळ्यातील दमट हवेत तिची अडवण्याची क्षमताही घटते. म्हणून, सोडियमच्या जागी तंतूंना एकमेकांशी जोडणारे धातू-आयन यावेत यासाठी, तयार फिल्म कॅल्शियम क्लोराइडच्या आणि अॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणांत वेगवेगळ्या भिजवल्या. ओलेपणीची ताकद दोन्हींत वाढली, अॅल्युमिनियममध्ये अधिक.

माझी शंका येथेच आहे. अॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण आम्लधर्मी असते, त्यामुळे काही कार्बोक्झिलेट गट धातूशी न जुळता नुसतेच आम्लरूपात (सोडियमच्या जागी हायड्रोजन) जात असतील. आणि आम्लरूपातील फिल्मही सोडियमच्या फिल्मपेक्षा कमी फुगते. मग या सुधारणेत तंतूंना जोडणाऱ्या धातू-आयनांचा वाटा किती? केवळ ताकद वाढली म्हणून कारण सिद्ध झाले, असे मी मानत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेली फिल्म तुलनेसाठी घेऊन, अवरक्त वर्णपटातील १७२० प्रति सेंमीजवळचा आम्लगटाचा पट्टा तपासणे पुरेसे ठरेल, की अॅल्युमिनियमचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावेच लागेल? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी भिजवण्याची आणि धुण्याची पद्धतही कृपया सविस्तर सांगावी.