टायमरच्याही आधी

कंटाळवाणं काम टाळत राहणाऱ्यांना '२५ मिनिटांचा टायमर लावा आणि बसा' असं सुचवतात. ते चालतं, पण एकदा बसल्यावर. माझी गाडी बसण्याआधीच अडते. टायमर लावून काम करायची ही 'पोमोदोरो' नावाची युक्ती काढणाऱ्या फ्रान्चेस्को चिरिल्लोनेही १९८० च्या दशकाअखेर टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर समोर ठेवून स्वतःशी पहिली पैज लावली, ती २५ पेक्षा कमीच मिनिटांची होती. २५ चा आकडा नंतर ठरला.

माझं दुखणं आयकर विवरणपत्राचं. एका वर्षी ३१ जुलै उलटला, ५००० रुपये विलंबशुल्क गेलं, तरी पुढच्या वर्षी तेच रडगाणं. शेवटी आईचं सूत्र वापरलं. करपलेली कढई घासायचा मला कंटाळा आला की ती म्हणायची, "घासू नकोस, नुसतं पाणी घालून ठेव." तसं रविवारी फक्त फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) डाउनलोड केला आणि लॅपटॉप मिटला. सोमवारी आयकर पोर्टलचा विसरलेला पासवर्ड बदलला, बास. बुधवारी उरलेलं पाऊण तासात उरकलं. इस्त्रीचे कपडे मात्र अजून खुर्चीवरच आहेत, त्यांना पाणी घालून ठेवता येत नाही.