सत्र संपताना: गावच्या शाळेतले शेवटचे दिवस

संकलित दोनचे, म्हणजे दुसऱ्या सत्राचे, पेपर तपासून झाले, आकारिकच्या (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदी भरल्या, आता प्रगतीपुस्तकांवर सह्या चालू आहेत. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली आमची शाळा दोनशिक्षकी. सकाळची शाळा सुरू होऊन महिना झाला. सातला परिपाठ, साडेअकराला सुट्टी. त्यानंतर पत्रे असे तापतात की वर्गात बसवत नाही.

काल दिवसभर जुनी पाठ्यपुस्तकं गोळा केली. जूनमध्ये नवी पुस्तकं यायला उशीर झाला तर पुस्तकपेढीतली हातात देता येतात. तिसरीतल्या एका पोरानं आपल्या पुस्तकाला खाकी कागदाचं नवं कव्हर घालून आणलं. वर्ष संपलं, पुस्तक परत द्यायचं, मग आत्ता कव्हर कशाला, असं विचारलं. म्हणाला, "पुढच्याला चांगलं मिळावं म्हणून."

पण शेवटच्या दिवशी वर्गाकडे बघताना माझ्या मनात वेगळाच हिशोब चाललेला असतो. यातली किती पोरं परत दिसणार? कोणाचा दाखला काढला जाणार, कोण आईबापाबरोबर कामाला जाणार? तुमच्या गावच्या शाळेत सत्र संपतं तेव्हा काय होतं, ते वाचायची फार इच्छा आहे. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, स्वयंपाकी ताई, सगळ्यांनी लिहा. सत्र दिवाळीचं असो नाहीतर एप्रिलचं. मुलांची नावं घालू नका, बाकी हात राखून लिहू नका.

शिक्षिका, बीड जिल्हा

सर, आमचं खरं सत्र दिवाळीलाच संपतं. पहिल्या सत्राचा शेवटचा पेपर होतो त्या आठवड्यात निम्म्या घरांपुढं सामान बांधलेलं असतं. मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते, फिटेपर्यंत सुटका नाही. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि घरंच्या घरं ऊसतोडीला साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. थेट गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात.

त्या आठवड्यात मी शिकवत नाही, दारोदार फिरते. हंगामी वसतिगृहासाठी नावं गोळा करायची असतात. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडं लेकरं आजीआजोबांजवळच झोपतात, दोन वेळचं जेवण तेवढं शाळेत मिळतं. ज्या घरात आजी धडधाकट आहे तिथलं लेकरू मागं राहतं. आजी नाही तिथं बोलणंच खुंटतं. तान्हं भावंड असलं तर मोठ्या बहिणीला न्यावंच लागतं, कारण आई उसाच्या फडात असताना कोपीवर (झोपडीत) बाळाला कोण बघणार? आणि पोरगी बारातेराची झाली की आईच म्हणते, "मॅडम, हिला मागं ठेवून माझ्या हाताला कोयता लागंल का?" याला माझ्याकडं उत्तर नसतं. मग शिक्षण हमी कार्ड भरून देते. जिथं जाल तिथल्या शाळेत हे दाखवा, बसवून घेतील, असं सांगते. फड बदलतो तशी शाळा बदलते, हे मला माहीत असतं आणि त्यांनाही.

तीन वर्षांपूर्वी चौथीतली एक मुलगी शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर परत आली. हातात गणिताची वही. म्हणाली, "मॅडम, ही तुमच्या कपाटात ठिवा. कोपीत ओल लागती." मी म्हटलं, अगं, तिकडं लिहायला काय घेशील? म्हणाली, "तिकडं कुठं लिहायचं?" वही ठेवून घेतली. माझ्या हजेरीपटाखाली ती पाच महिने पडून होती. रोज हजेरी काढताना हाताला लागायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती आली. पाचटानं हातावर बारीक बारीक चिरा, केस उन्हानं तांबूस झालेले. दप्तर नव्हतंच. कपाटाजवळ येऊन उभी राहिली. वही दिली तशी जमिनीवर मांडी घालून बसली आणि पुढच्या पानावर तारीख घातली. डाव्या पानावर २४ ऑक्टोबर, उजव्या पानावर ७ एप्रिल. डाव्या बाजूला हातच्याची वजाबाकी अर्धी राहिली होती, ती तिनं आधी पुरी केली. एक हातचा चुकला. मी खोडला नाही, शेजारी बसून परत मांडायला लावला.

पंधरा दिवसांत वार्षिक परीक्षा होती. आता ती सातवीत आहे. या दिवाळीला तिला मागं ठेवावं म्हणून मी तिच्या मावशीपर्यंत जाऊन आले आहे.

माजी विद्यार्थी, सांगोला तालुका (आता वय ६३)

१९७३ चा उन्हाळा. बहात्तरच्या दुष्काळानं गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं विकलेली. घरात मिलो ज्वारीची तांबडी भाकरी. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर, माझे आईवडील खडी फोडायला. आम्ही पोरंही शाळा सुटली की तिकडंच जायचो, कारण कामावर सुकडी मिळायची.

निकालाच्या दिवशी शाळेत मोजून सात-आठ पोरं. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि निकालाचा कागद सदऱ्याच्या खिशात घालून सायकल काढली. मला पुढं नळीवर बसवलं. तलावाच्या कामावर दुपारची सुट्टी झाली होती, माणसं बांधाच्या सावलीला बसलेली. गुरुजींनी तिथं उभं राहून एकेक नाव वाचलं. ज्याचं नाव यायचं त्याचा बाप उठून उभा राहायचा. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पहिला उठला म्हणून पुढचे उठत गेले. माझे वडील उठले तेव्हा त्यांच्या मिशा, भुवया सगळ्या धुळीनं पांढऱ्या होत्या. गुरुजी म्हणाले, "दुसरीतून तिसरीत." वडिलांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

पेढे कुठले? आईनं आपल्या वाट्याची सुकडी माझ्या हातावर ठेवली. ते गुरुजी आता नाहीत. मी पुढं एसटीत वाहक म्हणून नोकरी केली, तिन्ही मुलं शिकली.

माजी विद्यार्थी, लांजा तालुका, सध्या मुंबईत

आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंत. मी चौथीत होतो तेव्हा, १९८९ साली, एका खोलीत दोन वर्ग बसायचे आणि ओटीवर तिसरा. आज शाळेचा पट चार. इमारत तेव्हापेक्षा चांगली आहे, जांभ्याच्या भिंतींना रंग आहे, टीव्ही आहे. मुलं मात्र मुंबईला, विरार-नालासोपाऱ्याला जन्मतात.

१ मेला झेंडावंदन, मग निकाल आणि त्याच दिवशी ग्रामसभा. चाकरमानी आंबे उतरवायला आलेले असतात, त्यामुळे वर्षातला हा एकच दिवस पटांगण भरतं. गेल्या वर्षी चौथीत एकच मुलगा होता. त्याचा निरोप समारंभ झाला. बाईंनी पद्धतीप्रमाणे "मनोगत" म्हणून त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी गेल्यावर घंटा कोण वाजवणार?" ती घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, बाकीच्या तिघांचे हात तिथवर पोचत नव्हते.

आम्ही सात-आठ जण तिथंच बोललो. साकव ओलांडून मोठ्या गावात जाणारी दोन कुटुंबं होती, त्यांच्या मुलांना इथंच ठेवा म्हणून रात्री घरी जाऊन बसलो. एक तयार झालं. घंटा दुसऱ्या दिवशी वीतभर खाली बांधली.

पालक, लातूर जिल्हा

२०२० साली आमच्या मुलाच्या शाळेला सत्राचा शेवट असा झालाच नाही. मार्चमध्ये शाळा बंद झाली, पहिली ते आठवीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. "वर्गोन्नत" एवढा शब्द मोबाईलवर आला. मुलगा सातवीत होता, शाळा सातवीपर्यंतच. वर्गानं वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं आणि पैसे त्याच्याकडं जमा होते. पुढच्या वर्षी दाखला आणायला गेलो तेव्हा त्यानं ते घड्याळ आणलं, खुर्चीवर चढून स्वतः लावलं आणि रिकाम्या वर्गात थोडा वेळ बाकावर बसून राहिला. मी बाहेर थांबले.

शिक्षक, गडचिरोली जिल्हा

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शाळेची वेळ मोह ठरवतो. फुलं पहाटे गळतात. उन्हं चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात. त्यामुळे अंधार असतानाच घरातली लहानमोठी सगळी टोपल्या घेऊन झाडाखाली. मुलं शाळेत येतात ती नऊला, कपड्यांना मोहाचा वास घेऊन. माझ्या पहिल्या वर्षी मी रागावलो, गैरहजेरी मांडली. एका आजोबांनी मला पहाटे बरोबर नेलं. दोन तास वाकून वेचलं तेव्हा माझी टोपली अर्धीसुद्धा भरली नाही. चौथीतल्या मुलीनं दोन भरल्या होत्या. तेव्हापासून तोंडी परीक्षा मी उशिरा घेतो.

एप्रिलच्या शेवटाला तेंदू, म्हणजे बिडीची पानं. ग्रामसभेची फळी (पानं जमा करण्याचं ठिकाण) लागते आणि अख्खं गाव जंगलात. इथं ७० पानांचा एक पुडा बांधतात. मी गणितात विचारलं, २३ पुड्यांची पानं किती? वहीत मांडायला बहुतेकांनी वेळ घेतला. एक मुलगी वर बघून म्हणाली, "वीस पुड्यांची चौदाशे, तिनाची दोनशे दहा. सोळाशे दहा." हिला गुणाकाराची उभी मांडणी येत नाही म्हणून आधीच्या चाचणीत मीच कमी गुण दिले होते. त्या दिवशी घरी जाऊन तिच्या नोंदवहीत शेरा बदलला. आता सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मी पुस्तक बाजूला ठेवतो. मुलं मला झाडांची, पाखरांची गोंडी नावं लिहून घ्यायला लावतात, मी चुकलो की तेच तपासतात. भिंतीवर तो तक्ता तीन वर्षं वाढतो आहे.

विदर्भात शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडते. तोवर पाऊस आलेला असतो, नाले भरतात. नाल्यापलीकडच्या टोल्यावरची (वस्तीवरची) पोरं पहिल्या दिवशी दिसली की जीव भांड्यात पडतो.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंची मुलगी, जळगाव जिल्हा

आई चौदा वर्षं शाळेत स्वयंपाक करते. लहान मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, हे माप तिच्या ओंजळीत बसलं आहे. मानधन थोडंच, तेही दहा महिन्यांचं. शाळा बंद झाली की ती केळीच्या बागेत मजुरीला जाते.

शेवटच्या दिवशी गावातलं कुणी ना कुणी तिथीभोजन देतं. गेल्या वर्षी जिलेबी आणि मसालेभात होता. पंगत उठल्यावर आईनं मोठं पातेलं राखेनं घासून उन्हात पालथं घातलं. पहिलीतला एक मुलगा जवळ घुटमळत होता. त्यानं विचारलं, "मावशी, उद्या काय करशील?" उद्यापासून सुटी, असं आई म्हणाली. तो म्हणाला, "मग मी तुझ्या घरी येऊ?" त्याची आई नाही, वडील ट्रॅक्टरवर असतात. तो मे महिनाभर आमच्याकडं जेवला. आई बागेत जाताना त्याचं ताट झाकून जायची. हे कुठल्या अहवालात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

माजी विद्यार्थिनी, खानापूर तालुका (बेळगाव)

आमची मराठी शाळा कर्नाटकात, त्यामुळे निकाल १० एप्रिललाच लागायचा. महाराष्ट्रातले मामेभाऊ अजून परीक्षेत आणि आम्ही काजूच्या बागेत! निकालानंतर गावातले बाप्ये शाळेवर चढून कौलं परतायचे, कारण आमच्याकडचा पाऊस फुटकं कौल बरोब्बर शोधतो. आम्ही मुली खाली ओळीनं उभ्या राहून कौलं हातोहात द्यायचो. माझ्या मुलाची शाळा स्लॅबची आहे, पण आमच्या गावची कौलारू शाळा अजून उभी आहे आणि अजून मराठी आहे.

पुन्हा मी, माणहून

सगळ्यांचं लिखाण मी मोठ्यानं वाचून दाखवलं, आमच्या सहकारी बाईंना. त्यांची बदली झाली आहे. नऊ वर्षं होत्या. आज त्या मला चार्ज देत होत्या. यादी वाचायला चौथीच्या मुलाला बसवलं, बाई वस्तू दाखवणार आणि मी खूण करणार. लोखंडी कपाट दोन. तराजू एक, वजनांसह. नकाशे अकरा, पैकी फाटका एक. घंटा एक. ढोल एक. यादी संपली तरी पोरगं उठेना. "बाई, झाडं राहिली की."

चार्ज यादीत झाडांचा रकाना नसतो. बाईंनी पेन त्याच्याच हातात दिलं. त्यानं खिडकीतून बघत बोटानं मोजलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: कडुनिंब नऊ, चिंच दोन. थोडं थांबून कंसात घातलं, "उन्हाळ्यात पाणी घालणार." खाली आपली सही केली, मग आम्ही दोघांनी केली.