एएफपी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका

यकृताच्या कॅन्सरच्या तपासण्यांवरच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ‘एएफपी नॉर्मल आहे, म्हणजे यकृतात गाठ नाही’. एएफपी म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन. पण वरचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. यकृताचा कॅन्सर सापडतो तेव्हा साधारण एक तृतीयांश रुग्णांचा एएफपी नॉर्मलच असतो. गाठ लहान असेल तर तशी शक्यता आणखी जास्त. म्हणून सिरॉसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणं) असेल तर दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये. पिव्हका-२ या दुसऱ्या रक्ततपासणीचं नावही चर्चेत कुणीतरी घेतलंय, ती तपासणी चांगली आहे. पण वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तिचा आकडा कॅन्सर नसतानाही वाढतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

इथे सगळी चर्चा रक्तातल्या मार्करची, म्हणजे आजाराची खूण सांगणाऱ्या घटकांचीच झाली, गाठीच्या पेशींवरचे मार्कर राहूनच गेले. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे, स्लाइड रंगवते. निरोगी यकृताच्या तुकड्यावर सीके-१९ हे प्रथिन दाखवणारा रंग लावला की तपकिरी रंग फक्त पित्तनलिकांच्या बारीक कड्यांवर चढतो, आजूबाजूच्या यकृतपेशी फिकट निळ्या राहतात. कधीकधी मात्र कॅन्सरच्या गाठीच्या पेशीच तपकिरी होतात. अशा पेशी ५ टक्के किंवा जास्त असल्या की सहसा पॉझिटिव्ह धरतात. या गाठी रक्तवाहिन्यांत लवकर शिरतात आणि ऑपरेशननंतर लवकर उलटतात. दोन रुग्णांच्या गाठी सारख्याच आकाराच्या असूनही पुढचा प्रवास इतका वेगळा का होतो, त्याचं एक कारण हे आहे. ही तपासणी प्रत्येक रिपोर्टमध्ये नसते. बायोप्सी किंवा ऑपरेशन झालं असेल तर जरूर विचारा, ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) जपून ठेवलेला असतो, नंतरही करता येते.