प्रतिसाद: आईबाबांना घेऊन यूटा-ॲरिझोना, ग्रुप टूर की स्वतः ड्राइव्ह?

वर कुणीतरी विचारलंय की सत्तरीचे आईबाबा आणि पोरं घेऊन यूटातली झायन, ब्राइस ही नॅशनल पार्क्स आणि ॲरिझोनातलं पेज गाव करायचं तर गाइडवाली टूर घ्यावी का. आम्ही दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात घेतली होती, छोटी व्हॅन, त्यात निम्मे आम्हीच. ड्रायव्हिंग वाचलं हे खरंच सुख, पण पहाटे साडेपाचला लॉबीत हजर म्हणजे हजर, बाबांचा चहा झाला नसला तरी.

पेजजवळच्या अँटेलोप कॅनियनला (अरुंद खडकाळ घळ, नवाहो या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर) तसंही नवाहो गाइडशिवाय आत सोडतच नाहीत. तिचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग आहेत, त्यातला अप्पर घ्या, आत सपाट वाळूतून चालायचंय, लोअरला उभ्या लोखंडी शिड्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी नादाला लागू नये. आणि आभाळ भरलं तर टूर रद्द करतात त्यावर चिडू नका, ऑगस्ट १९९७ मध्ये लोअरला पाऊस दूर कुठेतरी वर पडला आणि लोंढ्यात ११ जण गेले.

घड्याळाचा घोळ वेगळाच. उन्हाळ्यात यूटा ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे, त्यात नवाहो भाग यूटाबरोबर चालतो पण पेज गाव ॲरिझोनाबरोबर, फोन मनाला येईल ती वेळ दाखवतो!! आम्ही एकदा तासभर आधीच जाऊन बसलो, आईने तेवढ्यात सगळ्या ग्रुपला मेथीचे ठेपले वाटून टाकले.

हो, ब्राइस ८,००० फुटांच्या वर आहे, मे मध्येही पहाटे कुडकुडायला होतं. वाळवंट म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.